कॅथरीन डनहॅम : विद्यापीठातील नर्तकी, कामगारवस्तीतील प्राध्यापिका



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘नृत्य’ हा शब्द पाहून काहीजणांना छपाईची चूक वाटली असेल. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कामगार कायद्यांवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. नाचावर बोलण्याचा त्याला काय अधिकार? शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, पाळी संपल्यावर. ताला-मात्रांचे शास्त्र आम्हांला येत नाही. परंतु अमेरिकेतील कामगार चळवळीचा इतिहास वाचताना एका युनियनने चालवलेल्या नाट्यगृहाच्या हकिकतीत आम्हांला एका नर्तकीचे नाव भेटले. आणि पुढे त्याच चळवळीच्या सर्वांत लाजिरवाण्या पानाशी जोडलेल्या गावात तेच नाव पुन्हा भेटले. ते नाव कॅथरीन डनहॅम यांचे. नृत्यदिग्दर्शिका, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आणि अखेरीस विद्यापीठातील प्राध्यापिका असा त्यांचा जीवनक्रम आहे. तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मांडताना एक प्रश्न सतत समोर ठेवू. अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या शरीरात काही ज्ञान असते काय? असल्यास ते विद्यापीठाने मानावे काय? आणि मानले, तर ते ज्ञान परत कोणाच्या पदरात पडावे? डनहॅमबाईंनी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भाषणांनी दिली नाहीत, कामाने दिली. म्हणून त्यांचे चरित्र आमच्यासारख्याला वाचनीय वाटते.

त्यांचा जन्म १९०९ सालचा, शिकागो शहरातला. वडील कृष्णवर्णीय. आई लहानपणीच वारली. वडिलांनी पुढे जोलिएट गावी कपडे धुण्याचे, म्हणजे ज्याला आपण ड्रायक्लीनिंग म्हणतो त्याचे, दुकान काढले. दुकान घरचेच असल्यामुळे मुलांनाही तेथे राबावे लागे. बाप कडक, घरात ताण. हे सारे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए टच ऑफ इनोसन्स’ या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वडीलभाऊ अल्बर्ट हुशार निघाला. तो शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकू लागला, आणि त्याच्या पाठोपाठ धाकटी बहीणही तेथे पोहोचली. वाचनालयात मदतनीसाची नोकरी करावी, मुलांना नाच शिकवावा, आणि उरलेल्या वेळात विद्यापीठाचे पाठ घ्यावेत, असा तिचा क्रम होता.

त्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत नृत्याचे स्थान काय होते, हेही पाहिले पाहिजे. १९२६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच्‌डबलर यांनी नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्या देशातला तो पहिला. तोही व्यायाम-शिक्षणाच्या दारातून आत आलेला. म्हणजे नृत्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला तो कसरतीचा सोयरा म्हणून. आणि ज्या गुलामांच्या वंशजांनी अमेरिकेला तिचे निम्मे नाच दिले, त्यांच्या नाचाला तर करमणुकीपलीकडे कोणी काही मानतच नव्हते.

शिकागोत रॉबर्ट रेडफिल्ड या मानववंशशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांतून डनहॅमबाईंच्या ध्यानी आले की, अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक ज्या तऱ्हेने नाचतात, चालतात, गातात, तिच्यातले पुष्कळ काही आफ्रिकेतून आलेले आहे. माणसांना साखळदंडांत घालून समुद्रापार नेले. त्यांची भाषा गेली, नावे गेली, देव गेले किंवा लपून राहिले. पण नाच कोण हिरावून घेणार? तो अंगातच राहिला. तेव्हा हा इतिहास वाचायचा असेल तर दप्तरखान्यात जाऊन भागणार नाही. जेथे लोक अजून नाचतात तेथे गेले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्यासाठी पैसा हवा. रोझेनवाल्ड निधीच्या समितीपुढे मुलाखत झाली. असे सांगतात की, आपणांस काय शिकावयाचे आहे हे विचारल्यावर डनहॅमबाईंनी वरचा पोशाख उतरवला, आतून नाचाचा पोशाख घातलेलाच होता, आणि बॅले शाळेत काय शिकवतात व आफ्रिकेच्या वळणाचा नाच कसा असतो, हे समितीला तेथल्या तेथे करून दाखवले. शिष्यवृत्ती मिळाली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांच्याकडे तयारी करून १९३५ साली त्या कॅरिबियन बेटांकडे निघाल्या. जमेका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती असा तो प्रवास होता.

जमेकाच्या डोंगरांत अकॉम्पाँग नावाचे एक गाव आहे. ऊसमळ्यांतून पळालेल्या गुलामांनी डोंगरात ठाणी केली, इंग्रजांशी वर्षानुवर्षे लढाई दिली, आणि १७३९ साली इंग्रज सरकारला त्यांच्याशी तह करणे भाग पडले. त्या लढवय्यांच्या, म्हणजे मरूनांच्या वंशजांचे हे गाव. डनहॅमबाई तेथे महिनाभर राहिल्या. जुना युद्धनाच पाहावयाचा होता. पण लोक म्हणत, ते सारे आता राहिले नाही. बाईंनी घाई केली नाही. गावातल्या बायकांबरोबर बसावे, कामात हात लावावा, म्हाताऱ्यांचे ऐकावे. अखेर मुक्काम संपत आला तेव्हा गावाने तो नाच त्यांच्यासमोर केला, आणि त्यांनाही त्यात ओढले. ‘जर्नी टू अकॉम्पाँग’ या १९४६ सालच्या पुस्तकात ही हकिकत आहे. संघटना बांधणाऱ्या कोणत्याही माणसाला यातले मर्म कळेल. नवख्याला वस्ती आपले खरे दुःखही सांगत नाही आणि खरा आनंदही दाखवत नाही; आधी ओट्यावर बसावे लागते.

हैतीत त्या अधिक खोल गेल्या. तेथील वोडू पंथाची त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. आपल्याकडे सिनेमावाल्यांनी ‘वूडू’ म्हणजे जादूटोणा अशी समजूत करून दिली आहे. वस्तुतः तो एक पुरता धर्म आहे, त्याला देवता आहेत, पूजाविधी आहेत, आणि प्रत्येक देवतेचा स्वतंत्र नाच आहे. दांबाला या सर्पदेवतेसाठी ‘यानवालू’ नावाचा नाच नाचतात. त्यात पाठीचा कणा लाटेसारखा हलतो. हा नाच त्या शिकल्या, आणि पुढे आयुष्यभर शिकवत राहिल्या.

परत आल्यावर १९३६ साली त्यांना शिकागो विद्यापीठाची पदवी मिळाली. त्याच्या पुढची पदवी मात्र त्यांनी पुरी केली नाही. हैतीच्या नाचांवरचा प्रबंध लिहिला होता. तो पुढे पुस्तकरूपाने निघाला. पण शास्त्र की रंगभूमी असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पाऊल रंगभूमीकडे पडले. मात्र शास्त्र त्यांनी टाकून दिले नाही. रंगभूमीवर बरोबर नेले.

मंदीचे दिवस होते. बेकारांना काम देण्यासाठी सरकारने जी योजना काढली होती, तिच्यात ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ नावाचे खाते होते. खंदक खणणाऱ्या बेकाराला जशी मजुरी, तशीच नट, गायक, नर्तक यांनाही. कलावंत हाही कामगार आहे, त्यालाही पोट आहे, हे त्या सरकारने निदान काही वर्षे मान्य केले. या खात्याच्या वतीने १९३८ साली शिकागोत डनहॅमबाईंनी ‘लाग्‌या’ नावाचे नृत्यनाट्य बसवले. मार्टिनिकमधल्या एका कोळीवाड्यातली गोष्ट. आणि शेवट होतो तो तेथल्या ‘लाग्‌या’ नावाच्या द्वंद्वनृत्यात. कोळ्यांनी वाळूत नाचायचा नाच शिकागोच्या नाट्यगृहात आला, आणि तोही त्याचे मूळ गाव, मूळ नाव सांगत आला.

आता आमच्या परिचयाची जागा येते. न्यूयॉर्कला स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची एक मोठी युनियन होती, ‘इंटरनॅशनल लेडीज गार्मेंट वर्कर्स युनियन’. तिने ‘लेबर स्टेज’ नावाने स्वतःचे नाट्यगृह चालवले होते. १९३७च्या नोव्हेंबरात तेथे ‘पिन्स अँड नीडल्स’ हा गाण्यानाचांचा खेळ सुरू झाला. भूमिका करणारे कोण? शिवणयंत्रावर बसणाऱ्या मुली, कापड बेतणारे, इस्त्री करणारे. दिवसा कारखान्यात, संध्याकाळी तालमीत. आरंभी खेळ फक्त आठवड्याच्या अखेरीस होत, कारण इतर दिवशी नटमंडळींना कामावर हजेरी लावावयाची असे. या खेळाचे ११०८ प्रयोग झाले. १९३९ साली डनहॅमबाई या लेबर स्टेजच्या नृत्यदिग्दर्शिका झाल्या.

खेळ पुढे विंडसर थिएटरात गेला. तेथेच १९४०च्या फेब्रुवारीत एका रविवारी डनहॅमबाईंनी स्वतःच्या मंडळीचा कार्यक्रम केला. तो इतका गाजला की पुढे अनेक रविवार करावा लागला. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कीर्तीची पहिली पायरी युनियनच्या घरातून चढलेली होती. गाणे-नाच म्हणजे चळवळीचे लोणचे, पानात असले तर असले, असे मानणारे कार्यकर्ते आमच्यातही आहेत. आपल्याकडे १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकाने जे दाखवून दिले, तेच शिवणकामगारांनी तेथे दाखवले होते : माणूस सभेला कानाने येतो, गाण्याला सगळ्या अंगाने येतो.

त्यानंतरची वीस वर्षे हा प्रसिद्धीचा काळ आहे. १९४० साली ब्रॉडवेवर ‘कॅबिन इन द स्काय’. त्याची नृत्ये डनहॅमबाईंनी जॉर्ज बॅलन्शिन यांच्याबरोबर बसवली, परंतु जाहिरातीत नाव झळकले ते बॅलन्शिन यांचेच. १९४३ साली ‘स्टॉर्मी वेदर’ हा चित्रपट, त्याच वर्षी ‘ट्रॉपिकल रिव्ह्यू’ हा दौऱ्यावरचा कार्यक्रम. पती जॉन प्रॅट वेषभूषा आणि नेपथ्य सांभाळीत. न्यूयॉर्कला त्यांनी शाळा काढली; तेथे नाचाबरोबर मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा हेही विषय होते. अर्था किट यांच्यासारखी गायिका तेथून पुढे आली; मार्लन ब्रँडो तेथे येत असत.

त्यांच्या पद्धतीला ‘डनहॅम टेक्निक’ असे नाव पडले. ती काय आहे, हे आमच्या भाषेत सांगतो. यंत्रमागावर उभा असलेला विणकर पाहा. डोळे ताण्यावर, कान धोट्याच्या आवाजावर, हात तुटलेला धागा सांधतो आहे, पाय पुढच्या मागाकडे वळलेला आहे. आणि ही सगळी कामे वेगवेगळ्या गतीने चाललेली आहेत. डनहॅमबाई हेच शास्त्रशुद्ध रीतीने शिकवीत. मान, खांदे, बरगड्या, कंबर ही अंगे आधी सुटी करावयाची. मग पाय एका तालावर, खांदे दुसऱ्या, तर हात तिसऱ्या, असे त्यांना पुन्हा एकत्र आणावयाचे. बॅलेची शिस्त घ्यायची, पण जमीन सोडायची नाही. आणि साथीला पियानोच्या जोडीने ढोल. कोळी, शेतमजूर, देवळातल्या बायका यांच्या अंगात जे होते, त्याचे पाठ झाले, क्रम झाला, परीक्षा घेता येईल असा अभ्यास झाला. प्रगत विद्या ती हीच.

या मंडळीने सत्तावन्न देशांत प्रयोग केले असे सांगतात. पण सरकारी तिजोरीतून त्यांना मदत मिळाली नाही. याचे कारण पाहण्यासारखे आहे. १९४४ साली लुईव्हिल शहरात प्रयोग होता. प्रेक्षागृहात काळे आणि गोरे एकत्र बसू शकत नव्हते. प्रयोग संपल्यावर डनहॅमबाई पुढे आल्या आणि श्रोत्यांना सांगून टाकले की, जोवर आमच्यासारखे लोक तुमच्या शेजारी बसू शकत नाहीत तोवर आम्ही येथे परत येणार नाही. १९५० साली ब्राझीलमधील साव पावलो येथे एका हॉटेलाने त्यांना रंगामुळे जागा नाकारली. त्यांनी गवगवा केला; वर्तमानपत्रे उठली; आणि १९५१च्या जुलैत ब्राझीलने वर्णभेदाला शिक्षा सांगणारा कायदा केला. तो अफोन्सो आरिनोस या खासदाराच्या नावाने ओळखला जातो. एका बाईने खोलीसाठी भांडण केले, आणि देशाच्या कायद्याच्या पुस्तकात एक पान वाढले.

सर्वांत धीट कृती ‘साउथलँड’ ही होय. अमेरिकेच्या दक्षिणेत जमावाने कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारण्याचे प्रकार होत. एक गोरी मुलगी खोटा आळ घेते आणि एका शेतमजुराचा असा बळी जातो, हे त्या नृत्यनाट्याचे कथानक. चिलीतल्या सांतियागो शहरी ते प्रथम रंगभूमीवर आले. परदेशात जाऊन घरची लक्तरे धुता, म्हणून अमेरिकी वकिलातीची मर्जी खप्पा झाली. १९५३ साली पॅरिसला त्यांनी ते पुन्हा केले, आणि त्यानंतर ते त्यांच्या हयातीत झाले नाही. १९५४पासून अमेरिकी सरकार आपल्या नृत्यमंडळ्या परदेशी पाठवू लागले. त्या यादीत डनहॅम मंडळी नव्हती. १९६० साली व्हिएन्नात, दौरा ठरवणाऱ्याच्या गैरकारभारामुळे, मंडळी पैशावाचून अडकून पडली. एका जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे काम मिळवून बाईंनी कसेबसे निभावले. जागतिक कीर्ती आणि पगारपत्रक या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्यांना टाळ्या मिळतात त्यांनाही महिनाअखेर असते.

मंडळी मोडली, गुडघे दुखू लागले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी त्यांनी ‘आयदा’ची नृत्ये बसवली, आणि १९६४ साली सदर्न इलिनॉय विद्यापीठाने त्यांना निमंत्रित कलावंत म्हणून बोलावले. पंचावन्नाव्या वर्षी, पीएच. डी. नसलेली ही बाई विद्यापीठात आली आणि पुढे प्राध्यापिका झाली. मध्यंतरी सेनेगलमध्ये राहून १९६६च्या डाकार येथील पहिल्या जागतिक निग्रो कला महोत्सवाच्या कामात त्यांनी हात दिला. परत आल्यावर कोणीही म्हणाले असते की, आता शांतपणे वर्ग घ्यावेत, पुस्तके लिहावीत, मानसन्मान घ्यावेत. बाईंनी ईस्ट सेंट लुईस निवडले.

हे ईस्ट सेंट लुईस म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिसिसिपी नदीच्या पूर्वकाठी, सेंट लुईस शहरासमोर, इलिनॉय राज्यातले हे कारखान्यांचे गाव. कत्तलखाने, मांस डबाबंद करण्याचे कारखाने, रेल्वे, ॲल्युमिनियमची भट्टी. १९१७ साली ‘ॲल्युमिनियम ओर कंपनी’त संप झाला. मालकांनी नवे मजूर आणले. त्यांत दक्षिणेतून पोट घेऊन आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. युनियनचे दरवाजे बहुतांशी काळ्यांना बंद होते. म्हणजे आत घ्यावयाचे नाही, आणि बाहेर राहून काम केले की संपफोड्या म्हणावयाचे! २८ मे रोजी युनियनची माणसे नगरसभेत गेली. तेथे मागणी काय केली? मालकाविरुद्ध नव्हे, या काळ्या लोकांचे येणे थांबवा, ही. त्याच रात्री दंगल उसळली. आणि २ जुलै रोजी जे झाले त्याला दंगल म्हणणेही बरोबर नाही. ट्रॅममधून माणसे ओढून मारली, घरांना आगी लावल्या. सरकारी आकडा कृष्णवर्णीय ३९, गोरे ९. खरे मृत त्याहून पुष्कळ अधिक असावेत असे बहुतेक अभ्यासक म्हणतात. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स यांनी चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या सभेत याचे खापर मजूर आणणाऱ्या मालकांवर फोडले. २८ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुले एक शब्द न बोलता चालत गेली. फक्त ढोल वाजत होते.

बंधूंनो, हे पान कामगार चळवळीचे आहे. मालकांनी काडी टाकली हे खरे. पण जळण आपल्याच अंगणात साठले होते. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण ते जुने झालेले नाही. आजही कारखान्याच्या गेटवर कायम कामगार आणि कंत्राटी पोरे समोरासमोर उभी राहतात, आणि ‘हे बाहेरचे लोक आले म्हणून आमची भाकरी गेली’ असे वाक्य ऐकू येते. कंत्राट देणारा त्या वेळी वातानुकूलित खोलीत बसलेला असतो. त्याचे नाव त्या वाक्यात कोठेच नसते.

त्या हत्याकांडानंतर पन्नास वर्षांनी, १९६७ साली, त्याच गावात ही प्राध्यापिका राहावयास गेली. आता कारखाने एकामागून एक बंद पडत होते, पांढरपेशे गोरे गाव सोडून जात होते, आणि मागे राहिलेली कृष्णवर्णीय तरुण पिढी बेकार, संतप्त होती. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत पोलिसांनी काही तरुणांना उचलले. बाई चौकीवर जाब विचारावयास गेल्या, तर त्यांनाच काही तास कोठडीत टाकले. वय अठ्ठावन्न, जगभर नाव झालेले. त्या प्रसंगाने वस्तीला एक गोष्ट कळली : ही बाई पाहुणी नव्हे.

विद्यापीठाच्या एडवर्ड्‌सव्हिल शाखेच्या आधाराने त्यांनी तेथे ‘परफॉर्मिंग आर्ट्‌स ट्रेनिंग सेंटर’ उघडले. नृत्य, ढोलवादन, ज्यूदो-कराटे, लाकूड कोरणे, आफ्रिकेचा इतिहास, सेनेगलची वोलोफ भाषा असे विषय. शिकवायला मोर थियाम यांच्यासारखे सेनेगलचे वंशपरंपरेचे ढोलवादक. ज्या उस्तादाजवळ आपल्या विद्यापीठी अर्थाने प्रमाणपत्र नाही, पण ज्याच्या घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो विद्यापीठाच्या नावाने वर्ग घेऊ लागला. शिकणारे कोण? शेजारपाजारची मुले, आया, आणि रस्त्यावरच्या टोळ्यांतली पोरे. कराटे ठेवण्यामागे हिशेब होता. ‘नाचायला ये’ म्हटले तर तो पोरगा हसून निघून गेला असता. लढायला ये म्हटल्यावर आला, ढोलापाशी थांबला, आणि हळूहळू नाचूही लागला. पूर्वी मार्टिनिकला लढाईचा नाच कसा होतो, हे त्यांनी पाहिलेले होतेच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि युनियनचा माणूस म्हणून तो आम्हीच घेतो. नाचाने पोट भरते काय? बंद पडलेला कारखाना ढोल वाजवून उघडतो काय? नाही उघडत. आकडे साफ आहेत : १९५० साली या गावाची वस्ती ८२ हजारांवर होती; २०२०च्या जनगणनेत ती साडेअठरा हजारांच्या आत आली. नोकऱ्या परत आल्या नाहीत. बाई १९८२च्या सुमारास विद्यापीठातून निवृत्त झाल्या. तेव्हा डनहॅमबाईंनी गाव वाचवले असे म्हणणे खोटे होईल, आणि खोट्या स्तुतीची त्यांना गरज नाही.

मग त्यांनी केले काय? ज्या माणसांना कारखान्याने हात म्हणून वापरले, पोलिसांनी संशयित म्हणून नोंदले, आणि युनियनने एके काळी संपफोड्या म्हणून दाराबाहेर ठेवले, त्यांना त्यांनी सांगितले की, तुमच्या अंगात जे आहे ते ज्ञान आहे. त्याला इतिहास आहे, नावे आहेत, शास्त्र आहे. आणि हे नुसते सांगितले नाही. विद्यापीठाच्या हजेरीपटावर चढवले. भाकरीची मागणी करावयास माणूस ताठ उभा राहावा लागतो. आमचा अनुभव असा की, मागण्यांची यादी लिहिणे सोपे असते, ती घेऊन साहेबाच्या टेबलासमोर कणा सरळ ठेवून उभे राहणारे पाच जण मिळवणे अवघड असते. तो कणा घडवणे हे शिक्षणाचे काम आहे. दुसरे असे : ढोलाच्या वर्गात कोण कोठून आला हे विचारून चालत नाही, शेजारच्याचा ताल ऐकावाच लागतो, ऐकला नाही तर आपलाच पाय चुकतो. एकजूट म्हणजे याहून निराळे काय असते? ती भाषणाने समजते, पण सरावाने येते.

१९७७ साली त्यांनी त्याच गावात आपल्या प्रवासांत जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय उघडले. १९८३ साली केनेडी सेंटरचा मोठा सन्मान झाला, १९८९ साली राष्ट्रीय कलापदक मिळाले. राहण्याचा पत्ता मात्र बदलला नाही. १९९१च्या सप्टेंबरअखेर हैतीत लष्कराने लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना पदच्युत केले. लोक होड्यांतून पळू लागले, आणि अमेरिकी सरकार त्यांना समुद्रातूनच परत पाठवू लागले. तेव्हा, १९९२च्या फेब्रुवारीत, ब्याऐंशी वर्षांच्या डनहॅमबाईंनी ईस्ट सेंट लुईसमधल्या घरी उपोषण आरंभले. सत्तेचाळीस दिवस ते चालले. अखेर खुद्द आरिस्तीद यांनी विनंती केली तेव्हा त्यांनी ते सोडले. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांपूर्वी ज्या हैतीच्या बायकांनी त्यांना कणा लाटेसारखा हलवावयास शिकवले होते, त्यांच्या नातवंडांसाठी हे उपोषण होते. अभ्यासकाने ज्यांच्याकडून शिकले त्यांचे देणे लागतो, हे मानणारे विद्वान आम्ही थोडे पाहिले आहेत. २००६च्या मे महिन्यात, सत्त्याण्णवावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत शिकवण्यासाठी रीतसर पात्रता घेतलेले शिक्षक आजही वर्ग घेत आहेत.

आरंभी तीन प्रश्न ठेवले होते. कष्टकऱ्याच्या शरीरात ज्ञान असते काय, याचे उत्तर अकॉम्पाँगच्या डोंगरात मिळाले. विद्यापीठाने ते मानावे काय, याचे उत्तर प्रबंधात आणि पुढे वर्गात मिळाले. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. कारण गावातले ज्ञान शहरात नेणारे पुष्कळ असतात, त्यावर पदव्या मिळवणारेही असतात, पण ते घेऊन पुन्हा कामगारवस्तीत राहावयास जाणारे थोडे. डनहॅमबाई गेल्या, आणि शेवटची पुष्कळ वर्षे तेथेच काढली. आपल्या शहरातही महाविद्यालये आहेत, आणि रेल्वे रुळांपलीकडे वस्त्याही आहेत. त्या दोहोंमधले अंतर चालत गेल्यास अर्ध्या तासाचे आहे. कोण कोणाकडे चालत जातो, एवढेच पाहावयाचे आहे.